गल्लीची दुखणी नेणारी

आमच्या गल्लीत बाजाराच्या दिवशी सकाळी दोन रांगा लागत. एक माझ्या पीठगिरणीपुढे डब्यांची, दुसरी तानुबाईच्या ओसरीवर माणसांची. डबे निदान गप्प बसतात. ओसरीवरच्या माणसांना मात्र बाजाराचा ऑटो सुटायच्या आत आपापलं दुखणं तानुबाईच्या पदरात टाकायचं असे, आणि त्या कालव्यात माझ्या गिरणीचा पट्टा नीट फिरतो आहे की घसरला हेही मला ऐकू येत नसे. मी वैतागून ओरडायचो. माझ्या ओरडण्याची कुणी दखल घेतल्याचं आठवत नाही.

आमचं गाव अमडापूरपासून आत, शेतांमधून गेलेल्या रस्त्यावर. तानुबाईची विहिरीजवळ भाजीची वाडी आहे. नवरा कडूबा गेल्यापासून वाडीचा कारभार तिच्याच हातात. मुलगा गोविंदा आणि सून योगिनी तिच्या हाताखाली. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, जे निघेल ते टोपल्यात भरून ती दर बाजाराला अमडापूरला जायची. जातेच आहेस तर येताना डॉक्टरकडून माझ्या खोकल्याच्या गोळ्या आण, असं कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं असेल. पुढे सगळी गल्लीच म्हणू लागली. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण दुखणाऱ्यानं स्वतः दवाखान्यात जाणं हा आमच्याकडे अजूनही शेवटचा उपाय. कापूस फुटलेला असतो, सोयाबीन तडकायला आलेलं असतं, म्हाताऱ्यांना ऑटोत चढवत नाही, सुनांना घरातून निघायचं तर चार जणांची मर्जी सांभाळावी लागते. त्यापेक्षा जो जातो आहे त्यानंच आपलं दुखणं सोबत नेलेलं बरं.

दुखणी नेणारे गावात दुसरेही होते. ते आपले "आमच्या म्हातारीचं पोट दुखते" एवढं सांगायचे आणि पुडी खिशात टाकून परत यायचे. तानुबाईची तऱ्हा वेगळी. ती दुखणं करून दाखवायची. रुक्मिणीबाईचा गुडघा सांगायचा असेल तर ती डॉक्टरच्या खोलीत रुक्मिणीबाईसारखी चालायची, उंबऱ्याशी थांबायची, भिंतीला हात लावायची आणि "अगं माय" म्हणायची, तेही रुक्मिणीबाईच्याच नाकातल्या आवाजात. जानरावचा खोकला ती अशी खोकायची की बाहेरच्या बाकावरचे लोक तोंडावर रुमाल धरत. आणि हे करताना तिच्या तोंडी 'तो' किंवा 'ती' येत नसे, सरळ 'मी' यायचं. "मले रातभर झोप नाई. मी उठून बसतो अन् पुन्हा खोकतो." साठी उलटलेली बाई जानरावचं 'बसतो' बोलून जायची आणि तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही. परदुःख शीतळ म्हणतात. तिला ते कधी शीतळ लागलं नाही.

अमडापूरचे नारायणराव डॉक्टर तिला पाहिलं की हातातलं पेन खाली ठेवायचे. "बसा तानुबाई. आज कोणाकोणाले आणलं?" मग खेळ सुरू व्हायचा. डॉक्टर हसायचे, मध्येच थांबवून विचारायचे, "खोकल्यावर छाती धरते का जानराव? का पोट?" तानुबाई पुन्हा खोकून बघायची आणि सांगायची, "पोट." त्यावर गोळी बदलायची. हा डॉक्टर देव होता असं मी म्हणणार नाही. साध्या तापाला इंजेक्शन टोचायचा, निम्म्या गावाला एकच लाल औषध पाजायचा, आणि मी त्यावरून त्याच्याशी दोनदा भांडलोही आहे. पण अस्सल माणूस कोणता आणि त्याची नक्कल कोणती हे त्याला कळायचं.

एकदा ती त्याच्यासमोर बसली आणि अडली. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या भगवानरावाला त्या सकाळपासून बरं नव्हतं. चक्कर असेल, पित्त असेल, असं घरच्यांनी सांगून तिला पाठवलं होतं. तिनं भगवानरावाचं तोंड करून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे मले करता नाई येऊन राह्यलं. एका अंगानं हासते तो, दुसरं अंग हालतच नाई." डॉक्टरनं तिला पुढं बोलू दिलं नाही. बाहेर बसलेल्या पेशंटांना तसंच सोडून तो कुणाच्यातरी मोटरसायकलवर मागं बसून आमच्या गावात आला आणि भगवानरावाला घेऊन बुलडाण्याला गेला. भगवानराव आज काठी टेकत का होईना, स्वतःच्या पायांनी माझ्या गिरणीवर येतो आणि दळण बारीक झालं नाही म्हणून माझ्याशी हुज्जत घालतो.

पुढे नारायणरावांचे डोळे गेले. मुलं मोठी शिकलेली, पण ती अमडापूरला येऊन बसणार नव्हती, आणि त्यात त्यांचं चूक आहे असंही मला वाटत नाही. दवाखान्याचं शटर खाली आलं. काही महिने आमची गल्ली पोरकी झाली. मग बाजाररस्त्यावर एका नव्या गाळ्यात एक वेगळीच खोली उघडली.

लोकांनी तिला नाव दिलं टीव्हीचा दवाखाना. आत एक खुर्ची, समोर भिंतीएवढा पडदा, खुर्चीच्या हाताला दंडाभोवती आवळणारा पट्टा आणि बोटाला लावायचा चिमटा. सगळं सांभाळायला काजल नावाची चिखलीकडची नर्स. पेशंटानं खुर्चीत बसायचं, अंगठा द्यायचा, पडद्याशी बोलायचं. पडदा सगळं ऐकून, मोजून, जुळवून ठेवतो आणि मग कुठल्यातरी लांबच्या शहरातला डॉक्टर दोन मिनिटं पडद्यावर येऊन गोळ्या सांगतो. दर वेळी डॉक्टर वेगळा. नवलाची गोष्ट अशी की पडदा आमच्याच बोलीत बोलायचा. "तुमाले कवापासून दुखून राह्यलं?" असं त्यानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा जानराव घाबरून खुर्चीतून उठला आणि पडद्याच्या मागं कोण आहे ते बघून आला.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट सांगू द्या. मला मशीनचा राग नाही. माझं पोटच मशीनवर आहे. आणि त्या खोलीनं गावाचं भलंही केलं. कुणाची साखर वाढलेली आहे, कुणाचं रक्तच कमी आहे, हे नारायणरावाला कधी दिसलं नाही ते तिथं पहिल्या बैठकीत दिसलं. चार शहाणे लोक स्वतः जाऊन बसले आणि सुधारले. पण आमच्या गल्लीतल्या लोकांना तानुबाई होती ना. टीव्हीचा दवाखाना उघडला म्हणून कापूस फुटायचा थांबला नव्हता आणि सुनांच्या सासवाही बदलल्या नव्हत्या. डॉक्टर बदलला एवढंच आम्ही धरून चाललो.

तानुबाई पहिल्या बाजारी तिथं गेली. काजलनं अंगठा मागितला, तिनं दिला. नारायणरावाचा कंपाउंडरही नाव विचारायचाच, तसंच हे, असं ती समजली. मग खुर्चीत बसून तिनं आपली गल्ली काढली. आधी रुक्मिणीबाईचा गुडघा. खुर्चीतून उठून चालून दाखवला. मग जानरावचा खोकला. मग कुणा नव्या सुनेची नाजूक तक्रार, ती मात्र हळू आवाजात. दर वेळी पट्टा तिच्याच दंडावर आवळला आणि चिमटा तिच्याच बोटाला लागला. वाडीत राबून राबून अंग काटक झालेलं, नाडी घड्याळासारखी. पडद्यानं दुखणी गल्लीची घेतली आणि शरीर तानुबाईचं घेतलं, आणि दोन्ही एकाच नावावर बांधून टाकलं. दुखणं हल्याला अन् डाग पखालीला, म्हणजे आजारी रेडा आणि डागणी त्याच्या पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीला, ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकतो. ती इतकी तंतोतंत खरी प्रथमच झाली, पण तेव्हा आमच्यापैकी कुणालाही ते समजलं नव्हतं.

काजलला समजलं होतं. तिनं दुसऱ्याच बाजारी सांगितलं, "मावशी, ज्याचं दुखते त्यालेच आणत जा."

तानुबाई म्हणाली, "आणते ना बाई, सोंगणी झाली का आणते." आणि वर समजूत घातली, "त्याले इतकं सारं समजते, तं एवढं नाई समजणार काय? खोकला बाप्याचा हाय हे तं लेकरालेही समजते."

मागं रांग होती. काजलनं पुढच्या पेशंटाला हाक मारली. घरी आल्यावर योगिनीनं विचारलं, "कसा हाय आत्याबाई, नवा डॉक्टर?"

तानुबाई टोपलं उतरवत म्हणाली, "चांगला हाय. आपल्यासारखंच बोलते. पण हासत नाई बाई तो. जानरावच्या खोकल्यालेही नाई हासला."

गोळ्या येत राहिल्या. काहींना गुण आला, काहींना नाही. ज्यांना आला नाही त्यांनी आपल्या नशिबाला बोल लावला; तानुबाईला कुणी लावला नाही, कारण तिच्यावर गल्लीचा भरवसा होता. तिनं नीट सांगितलं असणार याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती, आणि तसं तिनं नीटच सांगितलं होतं.

सोयाबीनच्या सोंगणीत, म्हणजे कापणीच्या दिवसांत, तिचं स्वतःचं दुखणं सुरू झालं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. वाडीत मेथीच्या जुड्या बांधताना ती मध्येच थांबायची, हात मागं पाठीवर जायचा, घाम पुसायची आणि पुन्हा जुडी उचलायची. योगिनी समोरच बसलेली असे. पण त्या घरात हे रोजचंच होतं. बाजाराच्या आदल्या दिवशी तानुबाई दुसऱ्यांची दुखणी घोकायचीच. भाकरी थापताना लंगडायची, पाणी शेंदताना खोकायची. योगिनी हसून विचारायची, "आज कोणाचं हाय, आत्याबाई?" तानुबाई जुड्या बांधत राहायची.

आमच्या गल्लीला तर तो खेळच होता. तानुबाईनं काही केलं की ओळखायचं, कोण ते. एका सकाळी ती ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर आली आणि चौकट धरून उभी राहिली. मी ज्वारी ओतत होतो, गिरणी चालू होती. रांगेतल्या बायांपैकी एक म्हणाली, "रुक्मिणीबाई!" दुसरी म्हणाली, "हट, ह्यात गुडघा कुठं हाय? हा जानराव हाय." पोरी खिदळल्या. तानुबाईचं तोंड किंचित उघडं होतं आणि ती एकाच बाजूला बघत होती. थोड्या वेळानं तिनं चौकट सोडली, डबा ठेवला आणि हसली. ती हसली म्हणजे खेळ संपला, असं सगळ्यांनी धरलं.

लोक म्हणतील, ही तर लांडगा आला रे आला याचीच गोष्ट झाली. मला हे ऐकलं की संताप येतो. तो पोरगा खोटं बोलत होता. तानुबाई एकदाही खोटं बोललेली नव्हती. ज्या ज्या वेळी ती कण्हली त्या त्या वेळी गल्लीत कुणीतरी खरोखर कण्हत होतं.

शेवटी ती स्वतःसाठी टीव्हीच्या दवाखान्यात गेली. त्या दिवशी तिनं दुसऱ्या कुणाचंही दुखणं सोबत घेतलं नाही. ओसरीवर आलेल्यांना म्हणाली, "आज नाई. आज माह्यं हाय." लोकांना ते थोडं खटकलं, काहींनी तोंडं वाकडी केली. तिथं काय झालं ते तिनं आल्यावर मला सांगितलं. ऑटोतून उतरून ती घरी गेली नाही, रिकामं टोपलं गिरणीच्या ओट्यावर ठेवून बसली. दळण संपलेलं होतं. मी पाण्याचा तांब्या दिला.

"गिरणीवाले भाऊ," ती म्हणाली, "त्यानं मले काय पुसलं माहीत हाय काय?"

"काय?"

"हे दुखणं तुमचंच हाय काय, असं पुसलं. मी म्हटलं, हाव. मंग पुन्हा पुसलं. तुमचं सोताचं हाय काय. मी म्हटलं, हाव रे बाबा, माह्यंच हाय, पाठीतून निंघते अन् जबड्यात येते, दम पुरत नाई. तिसऱ्या खेपीनं पुन्हा थेच."

मग पडद्यावर डॉक्टर आला. कानाला यंत्र लावलेला, शुद्ध बोलणारा, वयानं तरुण. त्याच्यासमोर तानुबाईच्या नावावर गुडघा होता, बाप्याचा खोकला होता, झोप न येणं होतं, मूळव्याध होती, आणि साठीतल्या बाईला होऊ न शकणाऱ्या दोन तक्रारी होत्या. या सगळ्यासोबत प्रत्येक वेळी निरोगी नाडी आणि निरोगी रक्तदाब. आत्ताही ती खुर्चीत शांत बसलेली, दुखत नव्हतं. आकडे चांगलेच आले. त्यानं तिला प्रेमानंच सांगितलं, "आजी, तुम्ही फार काळजी करता. शरीराला काही झालेलं नाही. मन शांत ठेवा." त्यानं झोपेची गोळी दिली आणि मनाच्या डॉक्टरला दाखवायला सांगितलं. मी त्या तरुणाच्या जागी असतो तर मला तरी काय वेगळं दिसलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. त्याच्यासमोर जे ठेवलं होतं त्यात एक खोटी बाई बसलेली होती.

"उद्या चिखलीला चल," मी म्हटलं. "दुसऱ्या डॉक्टरले दाखवू. माणसाले."

"काय दाखवू भाऊ?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला अधिकच भीती वाटली. "येताना ऑटोत मीच इचार करून राह्यली. इतक्या लोकायचं केलं मी. कोणाचं कोणतं अंगात राहून गेलं असन. हे बी माह्यं हाय का दुसऱ्याचं, मलेच आता समजून नाई राह्यलं."

"असं कुठं होते काय?"

"त्याले समजते म्हणे समदं. त्यानं तीन खेपा पुसलं म्हणजे काही तं असन."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी म्हणावं म्हणून. मी तिला सांगितलं की त्या पडद्याला काही समजत नाही, मी रोज मशीनशी झुंजतो, गव्हावर बाजरी टाकली तर गिरणी दोन्हीचं मिळून पीठ देते आणि तिला त्याची लाजही वाटत नाही. ती थोडं हसली. पण माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं नाही. ज्या दवाखान्यावर तिनं सगळ्या गल्लीला भरवसा ठेवायला लावलं होतं तो खोटा कसा म्हणायचा, हे तिला जमेना. त्यापेक्षा स्वतःला खोटं म्हणणं तिला सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी गिरणी बंद करून अमडापूरला गेलो आणि काजलवर तोंडसुख घेतलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मी मागच्या बाजारी वर कळवलं होतं. ह्या मावशी दुसऱ्यायचं सांगतात म्हणून. म्हणून तो पडदा तिले तसं पुसून राह्यला. मले वाटलं, भलं होईल."

"मंग आता पुसून टाक ना ते मागचं सारं."

"मले पुसता येत नाही. वरच्यायले येते का नाही, तेही मले माहीत नाही." तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही त्यायले बुलडाण्याले घेऊन जा. इथं पुन्हा आणू नका."

मी आल्यावर गोविंदाला सांगितलं. तो म्हणाला, हरभऱ्याला पाणी देऊन झालं की नेतो. योगिनी म्हणाली, आत्याबाईला विचारते. तानुबाई म्हणाली, मला काही झालेलं नाही, डॉक्टरनं सांगितलं आहे. आणि ती खरोखरच मग कण्हायची थांबली. दुखणं थांबलं नव्हतं. तिनं करून दाखवणं सोडलं होतं, आपलंही आणि लोकांचंही. बाजाराच्या दिवशी ओसरीवर आलेल्यांना ती म्हणायची, "ज्याचं त्यानं सांगा बाप्पा." लोक चिडले. कुणी म्हणालं, म्हातारीला भाव चढला. रुक्मिणीबाई गुडघा धरून घरीच बसली. तिला स्वतःचं दुखणं सांगता येत नव्हतं, तिला नुसतं रडू यायचं.

हुरड्याचे दिवस होते. सकाळची वेळ, वाडीत दव पडलेलं. तानुबाई मेथी उपटता उपटता वाफ्यातच बसली आणि मग आडवी झाली. योगिनी धावत गिरणीवर आली, तिच्या हाताला माती तशीच होती. माझी पिठाची पोती नेणारी गाडी दारातच होती. गोविंदा दूरच्या वावरात होता, त्याला निरोप पाठवला आणि आम्ही दोघांनी तानुबाईला गाडीत घालून बुलडाणा गाठलं. वाटेत ती शुद्धीवर होती. तिनं फक्त एकदा विचारलं, "मेथीवर ओलं फडकं टाकलं काय?"

बुलडाण्याच्या दवाखान्यातली डॉक्टर बाई माझ्या पुतणीएवढ्या वयाची असेल. तिनं वेळ घालवला नाही. छातीला तारा लावल्या, लांब कागदाची पट्टी निघाली, ती तिनं खिडकीशी नेऊन पाहिली. मग मला आणि योगिनीला खाटेजवळ बोलावलं. हृदयाचा एक भाग आधीच निकामी झालेला आहे, तिनं सांगितलं. हे आजचं नाही, आधीपासून होत आलेलं आहे. आता वाचवता येईल, पण पूर्वीसारखी ताकद परत येणार नाही. पुढं काय करायचं ते ठरवायला दुखणं नेमकं कधी सुरू झालं आणि कसं होत होतं, ते तिला हवं होतं.

ती खाटेवर वाकली. "आजी, मला सांगा. कुठं दुखायचं? कसं दुखायचं?"

तानुबाईनं तिच्याकडे बघितलं. ही माणूस होती, तिचा हात तानुबाईच्या मनगटावर होता, आणि तिला खरंच ऐकायचं होतं. नारायणरावांनंतर इतक्या जवळ येऊन कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं, आता सांगेल. उठून बसेल आणि करून दाखवेल.

"मले नका पुसू," ती म्हणाली. "माह्यं सांगणं खरं नाई निघत. हे माही सून हाय. हिले पुसा."

डॉक्टर बाईला काही कळेना. तिनं पुन्हा विचारलं. तानुबाईनं डोळे मिटून घेतले. तेव्हा डॉक्टर योगिनीकडे वळली.

योगिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. "पाठीत..." म्हणाली आणि थांबली. मग ती खाली फरशीवर बसली. समोर नसलेली मेथी तिनं हातात घेतली, मुळं झटकली, जुडी बांधायला दोर फिरवला आणि मध्येच थबकली. डावा हात मागं जाऊन पाठीच्या फऱ्याखाली दाबला गेला. तोंड किंचित उघडलं. जबडा एका बाजूला ओढला गेला. तिनं श्वास धरला, आणि कुणी बघतं आहे का ते पाहावं तशी नजर हळूच इकडून तिकडे फिरवली. कुणी बघत नाही असं पाहून कपाळ मनगटानं पुसलं, आणि पुन्हा जुडी उचलली. एवढं सगळं तिनं पाहिलेलं होतं. रोज, समोर बसून.

डॉक्टर बाईनं मान हलवली. तिला पुरेसं कळलं होतं. खाटेवर तानुबाईचे डोळे उघडे होते आणि ती सुनेकडे बघत होती.

"कधीपासून असं होतंय?" डॉक्टरनं विचारलं.

"सोयाबीन सोंगलं तवापासून."

"इतके दिवस? मग आधी का नाही आणलं?"

योगिनी फरशीवरून उठली नाही. तिच्या हातात अजून ती नसलेली जुडी होती.

"आमाले वाटलं," ती म्हणाली, "दुसऱ्या कोणाचं हाय."